सील शाबूत, माल गायब

समोरच्याने तोंड उघडलं की काका आधी चष्मा काढायचे. काड्या मिटून तो टेबलावर पालथा ठेवायचे, दोन्ही डोळे बोटांनी चोळायचे आणि म्हणायचे, "हां. आदी खोटं सांगून घ्या."

माणूस भडकायचाच. "म्हणजे? मी काय खोटं बोलायला आलोय इथे?"

"तसं नाय वो. पन एकदा सांगून झालं का मोकलं वाटतं. मंग निवांत खऱ्याला बसू."

मग माणूस खोटं सांगायचा. सगळ्यांचं खोटं एकच असायचं : "माझं अकाउंट हॅक झालं." काका बिनचष्म्याच्या, काहीच न दिसणाऱ्या चेहऱ्याने ऐकत राहायचे. सांगणारा दमला, त्याचा आवाज खाली आला, की ते चष्मा उचलून चढवायचे. चष्मा चढला म्हणजे खरं सुरू झालं, हे बाहेर पायरीवर बसलेल्या पुढच्या माणसालाही कळायचं. तो आपलं खोटं मनातल्या मनात आणखी एकदा घासून घ्यायचा.

नाव सांगत नाही. नेरूळजवळ सारसोळ्यात विचारलंत तर कोणीही त्यांचं घर दाखवेल. पण आता जाऊन उपयोग नाही.

काका तिथलेच, कोळ्यांच्या घरातले. पण होडीवर न जाता नोकरीत गेलेले. जन्मभर उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात विम्याचे सर्व्हेअर होते. कंटेनर उघडला आणि आतला माल भिजलेला किंवा कमी निघाला की यांना बोलवायचं. जहाजवाला म्हणणार ट्रकवाल्याने केलं, ट्रकवाला म्हणणार यार्डात झालं, व्यापारी म्हणणार सगळ्यांनी मिळून मला लुटलं. काकांनी सील बघायचं, दाराच्या बिजागऱ्या बघायच्या, खोक्यांचा वास घ्यायचा आणि चूक कोणाची ते लिहून द्यायचं. म्हणजे पगार घेऊन खोटं ऐकायचं काम. माणूस रिटायर झाला तरी असली विद्या वाया जात नाही. आपल्याकडे तर मुळीच नाही.

कारण त्याच सुमारास नवी मुंबईत हॅकर फार झाले होते. नेरूळच्या टॉवरांत, जुईनगरच्या जुन्या बिल्डिंगींत, दिघ्याच्या खोल्यांत, जिथे जिथे माणसं फोनवर कॅसिनो खेळत होती तिथे तिथे हॅकर हिंडत होते. या हॅकरांचं मला मोठं कौतुक वाटतं. ते कोणाचं लाइट बिलाचं खातं हॅक करत नाहीत, कोणाचा सोसायटीचा मेंटेनन्स भरत नाहीत. नेमकं कॅसिनोचंच खातं हॅक करतात, आणि तेसुद्धा माणूस सगळं हरला त्याच संध्याकाळी.

तक्रार करणार कुठे? कंपनी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर. आमच्या चौकीतल्या हवालदाराने एकाला त्या बेटाचं नाव पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी पत्त्याच्या जागी लिहिलं, 'परगावी'. राहता राहिली परदेशातली एक वेबसाइट. तिथे खेळणाऱ्याने गाऱ्हाणं मांडायचं, कॅसिनोने उत्तर द्यायचं आणि मधल्या माणसाने दोघांचं ऐकून निकाल द्यायचा. सगळं इंग्रजीत. प्रत्येक उत्तराला मुदत, आणि मुदत चुकली की तक्रार बंद.

काकांचं इंग्रजी कंटेनरचं होतं. ते तसंच लिहायचे : खाते सुस्थितीत होते, दारे बंद, सील शाबूत, अमुक तारखेस उघडले असता मालात तूट आढळली. बेटावरच्या लोकांना वाटत असेल, यांचा तांदूळ भिजला की काय. पण उत्तरं यायची.

मुदतीसाठी त्यांची एक पद्धत होती. ओटीच्या भिंतीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला जाळं विणायच्या दोऱ्याचा एक तुकडा. उत्तराला जितके दिवस, तितक्या गाठी. रोज सकाळी चहाच्या आधी ते प्रत्येक दोऱ्याची एक गाठ सोडायचे. दोऱ्यावर शेवटची गाठ उरली की त्या दिवशी उत्तर गेलंच म्हणून समजा. या माणसाने मुदत चुकवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

माझी त्यांची ओळख खुर्चीवरून झाली. मी जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा करतो. ऐरोलीकडे एखादी कंपनी बंद पडते, किंवा नवा साहेब येतो आणि जुन्या साहेबाची खुर्ची त्याला टोचायला लागते. तो माल मी उचलतो, दिघ्याच्या गोदामात आणतो, पुसतो आणि विकतो. टेम्पोच्या मागे उभं राहून सुरुवात केली, कोणाच्या बापाची मदत घेतली नाही. भाव करण्यात माझा हात धरणारा या पट्ट्यात कोणी नाही. हे मी म्हणत नाही, माझ्याकडून माल घेऊन पस्तावलेले म्हणतात.

काका गोदामात आले, एक फिरती खुर्ची पसंत केली आणि म्हणाले, "भाव एकच सांगा."

मी सांगितला. त्यांनी खिशातून पैसे काढून ठेवले.

झालं! माझा पारा चढला. भाव न करता पैसे देणारं गिऱ्हाईक मला सहन होत नाही. ते गेल्यावर दिवसभर वाटत राहतं की आपण कमी सांगितलं. मी होऊन म्हटलं, "काका, थोडं कमी करून मागा की. मी नाही म्हणेन, मग तुम्ही जायला निघा, मग मी बोलावतो."

"तुमी एकच सांगितला ना? मंग तो खराच आसंल."

त्या खुर्चीचा गॅस गेलेला होता. बसलं की ती खाली जायची. पण धाडकन नाही, हळूहळू, बसणाऱ्याला पत्ता लागू न देता. उठून दांडा ओढला की पुन्हा वर. आमच्या धंद्यात याला दोष म्हणत नाहीत, 'वापरून सेट होईल' म्हणतात. मला वाटलं, आठवडाभरात काका भांडायला येतील आणि मग तरी भाव होईल. आले नाहीत. मागून कळलं, ती खुर्ची त्यांनी तक्रार घेऊन येणाऱ्यासाठी ठेवली आहे. माणूस ताठ बसून खोटं सुरू करायचा. खोटं लांबत जायचं तसा तो खाली जात राहायचा. हनुवटी टेबलाच्या रेषेला आली की काका म्हणायचे, "झालं? आता उटा, दांडा वढा, वर या आन खरं सांगा."

माझी खराब खुर्ची या माणसाने कामाला लावली, आणि मला साधा फोन करून शिवीसुद्धा दिली नाही. हा माझा त्यांच्यावरचा पहिला राग.

सगळेच खोटे यायचे असं नाही. कळंबोलीची एक नर्स आली होती. काकांनी चष्म्याला हात घातला तर ती म्हणाली, "काका, मला खोटं काही सांगायचं नाही. ड्युटी आहे. सरळ लिहा." तिचं ईमेल कोणीतरी बदललं होतं आणि पैसे भलत्याच खात्यात गेले होते. काका खूश झाले. "हे बगा! सील तुटलंय, दार मोडलंय, माल भाएर नेलाय. याला चोरी म्हंतात." कॅसिनोने टोलवाटोलवी केली, काका गाठी सोडत राहिले, उत्तरं पाठवत राहिले आणि शेवटी तिचे पैसे आले. ती पेढे घेऊन आली. काकूंनी तिला सुके बोंबील बांधून दिले. फी मात्र काकांनी ठरलेली तेवढीच घेतली. तीही एकच भाव.

आता माझं प्रकरण.

मी जुगारी नाही. सगळे असंच म्हणतात हे मला काकांच्या ओटीवर कळलं, पण मी खरंच नाही. गोदाम बंद करून घरी आलं की जरा फोनवर पत्ते, इतकंच. आणि एकदा लागले. इतके लागले की तुर्भ्याला स्वतःचा गाळा घेता येईल. भाड्याच्या गोदामात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःचं शटर म्हणजे काय, ते मी समजावत बसत नाही. मी लगेच गाळेवाल्याला बयाणा दिला. महिनाअखेर बाकीची रक्कम द्यायची. नाही दिली तर गाळाही गेला आणि बयाणाही.

कॅसिनोत पैसे घालायला एक बटण पुरतं. काढायला आधार कार्ड, पॅन कार्ड, लाइट बिल आणि कार्ड हातात धरून काढलेला फोटो लागतो. माझा फोटो परत आला : चेहरा कार्डाशी जुळत नाही. बरोबर आहे, कार्डावरच्या माणसाचे पैसे कुठे अडकले नव्हते. तोवर रक्कम 'प्रक्रियेत'. आणि रकमेच्या शेजारी एक हिरवं बटण : काढणं रद्द करा आणि खेळत राहा. किती ती काळजी! वाट बघून माणसाचा जीव कंटाळू नये म्हणून. मी ते बटण अधूनमधून दाबलं, थोडा खेळलो, परत काढायला लावलं. गंमत म्हणून.

एका शुक्रवारी घरी येऊन बघतो तर शिल्लक शून्य. दुपारी कोणीतरी काढणं रद्द करून सगळीच्या सगळी रक्कम चाकं फिरणाऱ्या एका खेळात घालवली होती. दुपारी मी दिघ्यात होतो. गोदामाचा फोन माझ्याजवळ, आणि हा खेळायचा फोन नेरूळला घरी, चार्जिंगला विसरलेला. माझ्या हातात फोनच नव्हता! हॅक झाल्याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

त्या वेळी हातात टीव्हीचा रिमोट होता. तो शोकेसवर गेला. काच फुटली. बायको झाडू घेऊन आली, काचा भरल्या आणि काही न बोलता आत गेली. ती कमीच बोलते. घरात एकाने बोललेलं पुरतं, आणि तो मी आहे.

कॅसिनोच्या चॅटवर एक सोफिया असायची. "तुमची अडचण मी समजू शकते." काही म्हणा, ती समजू शकायची. पण म्हणायची की खेळ तुमच्याच फोनवरून झालाय, तुमच्याच घरच्या वायफायवरून, तुमच्याच पिनने. म्हणजे हॅकर आमच्या हॉलमध्ये येऊन, चप्पल काढून, पंखा लावून बसला असणार! महिनाअखेर जवळ येत होती. मी म्हटलं, हिच्याशी धंद्याच्या भाषेत बोलावं. लिहिलं : साठ टक्के द्या आणि मिटवा. ती म्हणाली, मी समजू शकते. मी पन्नासवर आलो. मग चाळीसवर.

तोपर्यंत हा माणूस नकोच म्हणून बसलो होतो, पण शेवटी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पालथा ठेवला. "हां. आदी खोटं..."

"काका, मी तुमचं गिऱ्हाईक नाही, तुम्ही माझं गिऱ्हाईक आहात! माझ्यापुढे ही नाटकं नकोत."

"बरं. बसा तरी."

बसलो. माझीच खुर्ची. सगळी हकीकत सांगितली. सोफियाशी झालेलं बोलणं दाखवलं. ते वाचायला त्यांनी चष्मा चढवला आणि हसायला लागले. काकूंना हाक मारली. "अगं, इकडं ये. शेटनी चोरीच्या मालात डिस्काउंट दिलाय!"

"मिटवायला बघत होतो मी."

"शेट, जेचा माल चोरीला जातो तो म्हंतो, मना पुरा पायजे. चालीसवर येतो तो म्हंतो, जाऊ द्या, मना पन म्हाईत हाय. त्यांनी हेच पकडलंय बगा." मग ते पुढे वाकले. "आन मना सांगा, हा कसला चोर? आला, खेलला, हारला आन निंगून गेला. नेलं काय त्यानं? असला चोर गावला तर मना द्या, घरात कामाला ठेवतो."

"चोरालाही नाद असू शकतो!"

"सील शाबूत हाय आन माल गायब. यार्डात असं झालं का आमी भाएर नाय बगायचो. आतला मानूस बगायचो."

मी उठणार होतो, पण खुर्ची इतकी खाली गेली होती की पटकन उठता येईना.

काका माल बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहीत नसत. रविवारी ते घरी आले. दाराची कडी बघितली, वायफायचा डबा बघितला. "फोन चार्जिंगला कुटं आसतो?" मी स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं : ओट्याजवळ, मिक्सरच्या शेजारी, घरातला तेवढाच एक प्लग धड चालतो. पिन विचारला. तो आमच्या पहिल्या टेम्पोचा नंबर आहे. त्या टेम्पोसाठी बायकोने बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, म्हणून तो नंबर शुभ. हॉलमध्ये ते शोकेससमोर थांबले.

"काच?"

"फुटली."

"आपोआप?"

"मी रिमोट मारला. राग आला होता."

"हं," म्हणाले, आणि काचेपेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ बघत राहिले.

तेवढ्यात गोदामाचा फोन वाजला. कॉन्फरन्स टेबलाचं गिऱ्हाईक होतं, मी गॅलरीत जाऊन भाव केला. आत आलो तर चहाचे कप रिकामे, बायको ओट्याकडे तोंड करून उभी, आणि काका दारात चपला घालत होते.

"लिवतो मी. पन शेट, प्रकरन सोडून दिलं तर?"

"गाळा जाईल माझा!"

"गाला जाईल. आजून काय काय जाईल त्याचा पन हिशेब करा."

मला वाटलं, फी वाढवायचा विचार दिसतोय.

त्यांनी तक्रार लिहिली. चांगली लिहिली, त्यांच्या कंटेनरच्या भाषेत. मधल्या माणसाचं उत्तर आलं. त्याने एकच गोष्ट विचारली होती : त्या दुपारी फोनजवळ कोण होतं ते लिहून कळवा, मग आम्ही कॅसिनोकडून त्या खेळाचा मिनिटामिनिटाचा तपशील मागवून तुम्हाला देतो. मी उड्या मारत सारसोळ्याला गेलो.

"लिहा काका! कोणीच नव्हतं. बायको होती घरात फक्त."

"कोनी नव्हतं, का बायको होती?"

"अहो, ती मिक्सरचं बटण दाबताना डोळे मिटून घेते. तिचं काय घेऊन बसलात? लिहा, कोणी नव्हतं."

"बरं," काका म्हणाले आणि माझ्या दोऱ्याला गाठी मारायला बसले.

महिनाअखेर आली. मी गाळेवाल्याला थांबवून धरलं होतं. आज देतो, उद्या देतो. काकांचा फोन नाही म्हणून स्वतः गेलो. ओटीवर माणसं बसलेली होती. काकांनी मला बघितलं, चष्मा काढला, काड्या मिटून टेबलावर पालथा ठेवला.

"शेट, माजी चूक झाली. मुदत गेली. उत्तर टाकायचं इसरलो मी."

माझा दोरा खिळ्यावर लोंबत होता. सरळ, मोकळा. एकही गाठ नाही.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. "रोज सकाळी गाठ सोडायला आठवत होतं, आणि उत्तर टाकायला विसरलात? कॅसिनोकडून किती घेतले? भाव एकच सांगितला का त्यांनाही?" शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काका एकदाच म्हणाले, "बोला. आजून आसंल तर बोलून घ्या. पन हितंच बोला सगलं. घरी काय नेऊ नका."

गाळा गेला. बयाणा गेला. मी मात्र हातावर हात ठेवून बसलो नाही. टेम्पोवाल्यांना सांगितलं, रद्दीवाल्यांना सांगितलं, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ज्याच्याकडे माल उचलायला गेलो त्याला सांगितलं : सारसोळ्याचा सर्व्हेअर मुदती चुकवतो, समोरच्या पार्टीला विकला गेलाय. माझी जाहिरात चांगली चालते. पायरीवरची माणसं कमी झाली. पुढे सरकारनेच असले पैशांचे खेळ बंद केले, तेव्हा उरलेसुरलेही यायचे थांबले. माझा कॅसिनोही तेव्हाच बंद झाला. खरं म्हणजे आधीच झाला होता. त्या शुक्रवारनंतर फोन हातात घेतला की सोफिया आठवायची आणि खेळायची वासनाच मरायची. बायको हल्ली चहा देताना दोन शब्द जास्त बोलते, एवढं लक्षात आलं होतं. कारण विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्यात टेम्पोवाल्याने सांगितलं, सारसोळ्याचे काका गेले. सकाळी चहाच्या आधी ओटीवर बसलेले, तसेच.

घरी जेवताना मी म्हटलं, "गेले ते सारसोळ्याचे काका. या वेळी मुदत बरोबर पाळली."

बायकोने आमटीची पळी पातेल्यात ठेवली.

"ते पैसे मी घालवले," ती म्हणाली.

"कुठले?"

"गाळ्याचे. त्या शुक्रवारी. कुकर लावला होता. शिट्ट्या होईपर्यंत ते बटण दाबत राहिले. मला वाटलं खूप वेळ लागेल, पण लगेच संपले."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तुम्ही काढायचे आणि परत घालायचे. मी रोज बघत होते. गाळा आला असता आणि मग गाळाही त्यातच गेला असता. म्हणून म्हटलं, ज्या वाटेने आलेत त्याच वाटेने जाऊ देत, एकदाचे. मग तुम्ही काच फोडलीत. मग मला सांगायची हिंमत झाली नाही."

"आणि काका?"

"तुम्ही गॅलरीत होतात. त्यांनी विचारलं, 'पोरी, तू पन आदी खोटं सांगनार का?' मी म्हटलं, काका, मला खोटं बोलता येत नाही, म्हणून गप्प आहे. म्हणाले, 'मंग गप्पच रा. शेटला मी बगतो.'"

तुम्हाला वाटेल, मी ताट भिरकावलं. शोकेसला आता काच नाही, पण ताट होतं. भिरकावलं नाही. ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, या प्रकरणातलं जेवढं ओरडायचं होतं तेवढं मी सारसोळ्याच्या ओटीवर ओरडून आलो आहे. त्या माणसाने ते सगळं तिथेच उतरवून घेतलं होतं, एकाही शब्दाचा भाव न करता. आणि तो पालथा चष्मा. त्या दिवशी खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं, आमच्यापैकी कोणी काही सांगत नव्हतं. बोलत काकाच होते.

तरीही माझं म्हणणं आहे, मुदत चुकवली ती चुकवलीच. गाळा माझा होता. एक शब्द बाजूला घेऊन सांगता आला असता. मी ऐकलं नसतं, हा भाग वेगळा.

काकांचं दिवसकार्य झाल्यावर मी टेम्पो घेऊन गेलो. म्हटलं, ती खुर्ची परत आणावी, तेवढाच माझा माल. ओटीवर टेबल तसंच होतं. खिळ्यांवर दोरे नव्हते. काकू दारात सुकट निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, ती खुर्ची नेतो. तुम्हाला आता तिचं काय काम?"

"न्या ना. पन भाव एकच हाय." त्यांनी भाव सांगितला. मी विकली होती त्याच्या दुप्पट.

"अहो काकू!"

"यांनी सांगून ठेवलंय. शेट कवातरी येतील, खुर्ची मागतील, भाव करतील. कमी करू नको म्हनाले."

माझा पारा चढला. किती दिवसांनी चढला! बरं वाटलं. "दुप्पट? या खुर्चीचे? हिचा गॅस गेलाय, काकू! बसलं की खाली जाते! मोडकी आहे ही, भंगारात कोणी घेणार नाही!"

काकूंनी सुकटीतून मान वर केली. "आसं? मंग आमाला इकताना नाय सांगितलं तुमी."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. टेबलावर काकांचा चष्मा होता. कोणी ठेवला कोण जाणे, काचा वर करून, माझ्याकडे बघत.

"बसा तरी," काकू म्हणाल्या.

मी बसलो आणि भाव करायला लागलो. सांगितलं की हिची चाकं जाम आहेत, कापड विरलंय, रंग उडालाय. सांगितलं की मी ही त्या वेळी तोट्यात दिली होती. काकू सुकट निवडत होत्या आणि हं हं करत होत्या. मी बोलत राहिलो, आणि खुर्ची हळूहळू खाली जात राहिली.